शेवटच्या ग्रीनवरचं नाणं

“गुड मॉर्निंग, आहो,” एमलिन म्हणाला आणि त्यानं ह्यांचा हात हातात घेऊन चांगला हलवला.

ह्यांचं नाव चंद्रहास शेजवळ. पण त्या वर्षी युरोपात फिरणाऱ्या निम्म्या गोल्फवाल्यांना ते ठाऊकच नव्हतं. आमच्या निफाडकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मी ह्यांची बॅग खांद्यावर टाकून मैदानभर मागं मागं फिरायची आणि तोंडानं सारखं “अहो, वारा बघा”, “अहो, पाणी प्या” असं चाललेलं असायचं. लोकांना वाटलं, हेच नाव. ह्यांनी सुरुवातीला दुरुस्त करून पाहिलं, मग तो नाद सोडला.

ती हंगामातली शेवटची स्पर्धा, आणि तिचाही शेवटचा दिवस. स्पेनच्या दक्षिणेला समुद्राकाठचं मैदान, ऑक्टोबर संपत आलेला, ऊन आपल्याकडच्या दिवाळीतल्यासारखं कोवळं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, काय भाग्य बाई तुझं. मी मात्र बॅगेतले चेंडू तिसऱ्यांदा मोजत होते.

बॅग उचलणाऱ्याला कॅडी म्हणतात. ह्यांचा खरा कॅडी एक स्कॉटिश माणूस होता. हंगाम अर्ध्यावर आला आणि त्याला बड्या खेळाडूकडं काम मिळालं, तो गेला. मी तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून ह्यांना भेटायला गेले होते. ह्यांचा चेहरा बघवेना. म्हटलं, आणा ती बॅग इकडं, द्राक्षांचे क्रेट उचलून वाढलेली बाई आहे मी, हिचं काय एवढं! पंधरा दिवसांसाठी गेलेली मी दिवाळी आली तरी तिथंच. आमची ऋतुजा तेव्हा दुसरीत होती, देवळालीला सासूबाईंजवळ. आधी फोनवर रडायची. मग रडायची बंद झाली, आणि ते मला जास्त लागलं.

हे खेळ शिकले ते देवळाली कॅम्पातल्या लष्कराच्या मैदानावर. सासरे लष्करी कचेरीत हेडक्लार्क, त्यांच्या ओळखीनं आत सोडायचे. तिथून इथवर यायला ह्यांना अर्धं आयुष्य लागलं होतं. युरोपातल्या मोठ्या स्पर्धांत खेळायचं तर कार्ड लागतं, आणि ते दर वर्षी नव्यानं कमवावं लागतं. वर्षभराची एक यादी असते. तिच्यात ठरावीक क्रमांकाच्या वर राहिलात तर पुढच्या वर्षी या, खाली घसरलात तर नमस्कार. त्या दिवशी सकाळी हे बरोबर रेषेखाली होते. आणि रेषेच्या वर, सगळ्यात शेवटी, एमलिन रीस.

नशीब कसं असतं बघा, शेवटच्या दिवशी दोघांची जोडी एकत्रच लागली. सकाळी स्पर्धेचा एक अधिकारी येऊन दोघांना समोरासमोर सांगून गेला. आज शेजवळ रीसपेक्षा एका फटक्यानं जरी पुढं राहिले, तर कार्ड शेजवळांचं. बरोबरी झाली तर रीसचं. एवढं साधं.

एमलिन वेल्सचा. चाळिशी उलटलेला, गुडघे कामातून गेलेले, प्रत्येक चढावर “ओ डिअर, ओ डिअर” करणारा. कार्ड गेलं तर मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं त्यानं मला आदल्या महिन्यातच सांगितलं होतं. मेव्हण्याचं नाव काढलं की त्याचं तोंड कडू व्हायचं. माणूस लाख मोलाचा. आयर्लंडमध्ये मी पावसात भिजून कुडकुडत होते तेव्हा स्वतःचा कोरडा स्वेटर काढून देणारा हाच. ऋतुजाचा फोटो मागून घेऊन बघायचा. त्याच्या हरण्यावर आपलं जिंकणं टेकलंय, हे मला पहाटेपासून खात होतं. हे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “तू बॅग उचल. बाकीचं मी बघतो.”

चिडले नव्हते. हे तसे चिडत नाहीत. आमच्या घरात तो कारभार माझ्याकडं आहे.

खेळ सुरू झाला आणि दोघंही असे खेळले, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. मैदानात अठरा भोकं, त्यांना होल म्हणतात, आणि कमीत कमी फटक्यांत जो सगळी संपवील तो पुढं. ह्यांनी एक फटका कमी केला की पुढच्या होलला एमलिननं तो भरून काढलाच. मधे चालताना एमलिन विनोद सांगत होता, त्याचा कॅडी टॉमी हसत होता. मला निम्मं कळत नव्हतं, मीही हसत होते. जिवावर बेतलेलं असताना माणसं अशी हसतात हे मी तिकडंच पाहिलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. झेंडा असतो तिथल्या गुळगुळीत हिरवळीला ग्रीन म्हणतात. तिथं चेंडू हवेत मारत नाहीत, पटर नावाच्या काठीनं हलकेच भोकाकडं ढकलतात, त्या ढकलण्याला पट म्हणतात. आपला चेंडू दुसऱ्याच्या वाटेत येत असेल तर चेंडूच्या मागं एक नाणं ठेवायचं आणि चेंडू उचलून घ्यायचा. ते नाणंही वाटेत येत असेल, तर पटरच्या डोक्याइतकं बाजूला सरकवायचं. समोरच्याचं झालं, की नाणं परत मूळ जागी आणायचं आणि मगच चेंडू ठेवून खेळायचं. हे आणायचं विसरलात आणि तसंच खेळलात, तर दोन फटक्यांचा दंड. नाणं सरकलेलं असतं वीतभरसुद्धा नाही, फायदा तर काडीचाही नसतो. पण नियम म्हणजे नियम.

ह्यांना ही विसरायची खोड होती. डोक्यात पुढच्या पटचा विचार, नाण्याचं कोण लक्षात ठेवतं? म्हणून मी एक युक्ती काढली होती. आमच्याकडं बायका काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारतात. मला तिथं पदर नव्हता, पँट घालून फिरत होते, सासूबाईंनी फोटो बघून दोन दिवस जेवण कमी केलं म्हणे. तर मी बॅगेला लटकवलेल्या टॉवेलला गाठ मारायची. कुणाचंही नाणं सरकलं की गाठ. परत आलं की सोडायची. सहाव्या होलला त्या दिवशी हे विसरलेच होते. मी नुसतं म्हटलं, “अहो, गाठ,” आणि ह्यांनी मुकाट नाणं मागं आणलं. टॉमी मला म्हणाला, की बाई, तुझा टॉवेल मला विकत दे.

सतराव्या होलला एमलिनचा चेंडू झाडीत गेला आणि हे एका फटक्यानं पुढं झाले. अठरावं शेवटचं. ह्यांनी दुसऱ्याच फटक्यात ग्रीन गाठलं, पण झेंड्यापासून लांब, पार दुसऱ्या टोकाला. एमलिनचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. माझ्या मनात आलं, झालं, जिंकलो. लगेच वाईटही वाटलं. मग एमलिन खड्ड्यात उतरला, गुडघ्याला शिव्या देत, आणि त्यानं वाळूतून असा काही चेंडू उडवला की तो झेंड्याजवळ चार पावलांवर येऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, राहवलं नाही.

टॉमी दाताळं घेऊन खड्ड्यातली वाळू सारखी करायला थांबला. ते कॅडीचं काम. एमलिन एकटाच ग्रीनवर आला. त्याचं नाणं नेमकं ह्यांच्या वाटेत येत होतं. ह्यांनी विनंती केली, त्यानं पटरचं डोकं टेकवून नाणं बाजूला सरकवलं. मी सवयीनं टॉवेलला गाठ मारली.

ह्यांना दोन पटमध्ये संपवायचं होतं. एवढं केलं असतं तर एमलिननं काहीही केलं तरी कार्ड आमचं. पहिला पट जोरात गेला. चेंडू भोकाला वळसा घालून पलीकडं उतरला. दुसरा ह्यांनी फार वेळ बघून मारला आणि तो काठावरून निसटला. लोकांच्या तोंडून एक लांब सुस्कारा निघाला. ह्यांनी तिसरा पट मारून चेंडू आत ढकलला, वाकून उचलला आणि ग्रीनच्या कडेला माझ्याजवळ येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. वर्षानुवर्षांची मेहनत आणि आता सगळं दुसऱ्याच्या चार पावलांच्या पटवर. त्यानं चुकवला तर आम्ही. घातला तर बरोबरी, म्हणजे तो.

एमलिन ह्यांचे तिन्ही पट बघत उभा होता. मला वाटतं त्यालाही ह्यांच्यासाठी वाईटच वाटलं असणार. तसाच पुढं झाला, नाण्यापुढं चेंडू ठेवला, नाणं उचलून खिशात टाकलं आणि चेंडूवर वाकला.

नाणं मागं आणलंच नव्हतं.

टॉवेलची गाठ माझ्या मुठीत होती. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे एमलिनच्या चेंडूकडं बघत होते. नुसतं बघणं नव्हतं ते. मी लग्नाची बायको, मला कळतं. ह्यांनी पाहिलं होतं.

आणि गोल्फमध्ये आणखी एक पद्धत आहे. आपले फटके आपण लिहीत नाही, सोबतचा लिहितो. एमलिनच्या फटक्यांचा कागद ह्यांच्या खिशात होता. एमलिननं पट घातला असता, तरी ह्यांना नियमाप्रमाणे दोन फटके वाढवून लिहावे लागले असते. लबाडी नाही, काही नाही. सगळं पुस्तकाप्रमाणं. फक्त आत्ता, त्याचा पटर हलेपर्यंत, गप्प राहायचं.

एमलिननं एकदा भोकाकडं पाहिलं. एकदा चेंडूकडं.

“एमलिन,” मी म्हणाले. “कॉइन. नो मूव्ह बॅक.”

माझं इंग्रजी तेवढंच. पण तो जागच्या जागी थिजला. हळूच मागं सरकला, खिशात हात घातला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हा खाली बसतो. टॉमी खड्ड्यातून धावत आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. एमलिननं नाणं पुन्हा ठेवलं, पटरचं डोकं टेकवून ते मूळ जागी आणलं, चेंडू ठेवला. त्यानं पट घातला. चेंडू भोकाच्या अगदी मधोमध पडला.

बरोबरी.

तो आधी माझ्याकडं आला नाही, ह्यांच्याकडं गेला. तिकडं असं धरतात, की कॅडी बोलली म्हणजे खेळाडूच बोलला. त्यानं ह्यांना मिठी मारली आणि कानात काहीतरी बराच वेळ बोलत राहिला. हे मान हलवत होते. मग त्यानं माझा हात धरला. त्याचे डोळे भरलेले. मी म्हटलं, “गुड पट.” दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी गाडीत सामान टाकत होतो. सूर्य अजून वर होता, मैदानावर माणसं तंबू उतरवत होती. ह्यांनी डिकी लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुला घरी जायचंच होतं.”

एरवी एकाला चार ऐकवणारी मी, पण मुकाट गाडीचं दार उघडायला गेले. कारण घरी जायचं तर होतंच. ऋतुजाशिवाय माझा जीव अर्धा झाला होता. पण ते नाणं बघितलं तेव्हा मला ऋतुजा आठवली नव्हती. काय आठवलं होतं, ते मला तेव्हा सांगता येईना. आणि असलं काही गाडीच्या डिकीपाशी सांगायचं नसतं.

आम्ही परत आलो. ऋतुजा विमानतळावर सासूबाईंच्या मागं लपली आणि घरी पोचेपर्यंत माझ्याशी परक्यासारखी वागली. त्याला बरेच दिवस गेले. हे पुढं पुन्हा युरोपला गेले नाहीत. नाशिकजवळच्या एका क्लबमध्ये शिकवायला लागले, आजही शिकवतात, नाव चांगलं आहे.

ते नाव कसं झालं, तेच सांगायचंय. एमलिननं तिकडच्या एका वार्ताहराला सगळी हकीकत सांगितली. भारतातल्या एका सभ्य माणसानं स्वतःचं कार्ड घालवून माझी चूक मला दाखवली, असं. ती बातमी फिरत फिरत नाशिकच्या वर्तमानपत्रात आली, फोटोसकट. मग काय विचारता! आमच्या दाराशी माणसं. देवळालीच्या एका मंडळानं सत्कार ठरवला. हे नको नको म्हणत होते. लोकांना वाटलं, मोठेपणा.

सत्कार सकाळी होता. निवृत्त ब्रिगेडियर साहेब पाहुणे. शाल, श्रीफळ, चंदनाचा हार, दोन लहान मुलींचं स्वागतगीत, सगळं यथासांग. एका गुरुजींनी भाषण केलं. म्हणाले, आजच्या जगात जिथं माणूस माणसाच्या ताटातलं ओढतो, तिथं आपल्या मातीतल्या चंद्रहासनं स्वतःचं भरलेलं ताट दुसऱ्यापुढं सरकवलं. टाळ्यांचा कडकडाट. मी पहिल्या रांगेत, मांडीवर ऋतुजा. मी ह्यांच्याकडं बघत होते. ती शाल ह्यांच्या खांद्यावर अशी होती, जशी दुसऱ्याची चुकून अंगावर आलीय.

ह्यांना बोलायला उभं केलं. हे भाषण करणारे नव्हेतच. माइकसमोर नुसते उभे राहिले. मग म्हणाले, “मी काही बोललो नव्हतो. बोलली ती माझी बायको. मी गप्प होतो.”

अक्षर न् अक्षर खरं. आणि सभागृह काय करतं? उठून उभं राहिलं! ब्रिगेडियर साहेब डोळे पुसायला लागले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, बघा हो, श्रेय बायकोला देतात, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. हे माइकपाशी तसेच उभे, काहीतरी आणखी सांगायचंय असे. पण टाळ्या थांबेनात. शेवटी नमस्कार करून खाली बसले.

घरी आलो. सासूबाई नारळ देव्हाऱ्यापुढं ठेवायला गेल्या, ऋतुजा हार गळ्यात घालून अंगणात पळाली. हे ओट्यावर बसले. शाल घडी करायला मी घेतली, ह्यांनी एक टोक धरलं. घडी अर्धी झाली आणि हे थांबले.

“मी पाहिलं होतं,” म्हणाले. “नाणं.”

“माहीत आहे मला.”

“मी बोललो असतो.”

मी शालीचं टोक जुळवत राहिले.

“तू जरा थांबायचं होतंस, निर्मला. दोन श्वास. मी बोललो असतो, नाहीतर बोललो नसतो. काय ते कळलं असतं. आता लोक मला शाली घालतायत आणि मला स्वतःला ठाऊक नाही की मी कोण आहे.” आवाज चढलेला नव्हता. माणूस दुखतंय कुठं हे सांगतो, तसं सांगत होते. “तू बोललीस ती घरी जायचं होतं म्हणून नव्हे. ते मी उगाच म्हणालो. मग का नाही थांबलीस? एमलिनची दया आली?”

एमलिनची दया आली असं म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. ते खोटंही नव्हतं. पण ज्या माणसानं भरल्या सभेत खरं सांगायचा प्रयत्न केला, त्याला अंगणात खोटं कसं सांगू?

“भीती वाटली,” मी म्हणाले.

“कशाची? दंडाची?”

“तुम्ही बोलला नसतात, याची. कार्ड राहिलं असतं तर राहिलं असतं, गेलं असतं तर गेलं असतं. पण तो पटर हलेपर्यंत तुम्हाला गप्प राहिलेलं मी बघितलं असतं, तर मला ते विसरता आलं नसतं. आणि मला तर तुमच्याबरोबर सगळा जन्म काढायचाय.”

हे माझ्याकडं बघत राहिले. अंगणात ऋतुजा शेजारच्या पोरींना हार दाखवत होती, हात लावू देत नव्हती. मला वाटलं, आता उठून जातील. उठले नाहीत. शालीचं टोक अजून हातात होतं.

“मला पण,” हे म्हणाले, “तीच भीती वाटली होती.”